विहिरीपासून पारापर्यंत

परवा एका लग्नात शेजारच्या खुर्चीवरच्या बाई मला एका पुस्तकाबद्दल सांगत होत्या. "मुलांसाठी लिहिलेलं आहे हो, पण मी रडले. ते बोरथळ गाव जळतं ना, तिथे. लेखकाची कल्पनाशक्ती तरी काय! विहिरीपासून पारापर्यंत किती पावलं, तेसुद्धा दिलंय." मी हातातली जिलबी ताटात ठेवली आणि हात धुवायला उठले. भांडण करायची ती जागा नव्हती, नाहीतर माझा स्वभाव सगळ्यांना ठाऊक आहे. ती पावलं त्या लेखकाची नव्हती, इंदूअक्कांची होती. आणि अक्कांच्या हातून ती गेली ती माझ्या आगाऊपणामुळे. हे आता एकदाचं लिहून टाकते.

मी जळगावची. नोकरी लागली धुळ्याला, एका सरकारी कचेरीच्या नकाशा शाखेत, कारकून म्हणून. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. शाखा म्हणजे मागच्या बाजूची लांबट खोली, वर पत्रे, आणि उतरती टेबलं मांडून बसलेले चार अनुरेखक. मूळ नकाशावर ट्रेसिंगचं कापड ताणून बसवायचं आणि खालची रेघ न् रेघ शाईनं वर उतरवायची, हे त्यांचं काम. त्या चौघांत बाई एकच, इंदूअक्का. उंच, किडकिडीत, चष्म्याची एक काडी काळ्या दोऱ्यानं बांधलेली. उन्हाळ्यात धुळ्याचं ऊन पत्र्यातून डोक्यावर ओतलं जायचं, तेव्हा त्या मनगटाखाली टीपकागदाची घडी घेऊन बसत. कारण ते कापड खळीचं. त्यावर घामाचा एक थेंब पडला तरी पांढरा डाग उठतो आणि तो काही केल्या जात नाही. बाकीचे तिघे महिन्याला दोन-तीन कापडं फुकट घालवत. अक्कांचं कापड वाया गेलेलं मी एकदाच पाहिलं. ते पुढे सांगते.

अक्का चालायला लागल्या की त्यांचे ओठ हलायचे. मला वाटायचं, बाई नामस्मरण करतात. तर कसलं काय, पावलं मोजायच्या! घरापासून कचेरी, कचेरीपासून भाजीबाजार, सगळ्यांचे आकडे त्यांना पाठ. "रस्ता खोदला की आठ पावलं वाढतात," असं त्या एखाद्या सकाळी येऊन गंभीरपणे सांगत. लग्न झालं होतं म्हणे, दोन वर्षांत परत आल्या होत्या. त्याबद्दल त्या अवाक्षर काढत नसत आणि विचारायची माझी टाप नव्हती. कचेरीत बोलणं शुद्ध, पुस्तकी. पण जीव लागला किंवा जीव दुखला की तोंडातून साक्रीकडची अहिराणी यायची.

कचेरीत ताडणी नावाचा प्रकार असे. अनुरेखन झालं की एकानं मूळ नकाशावरचे आकडे मोठ्यानं वाचायचे, दुसऱ्यानं नव्या कापडाशी ताडून यादीवर खूण करायची. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात तीन चौकटी असत: मूळ, अनुरेखन, तपासले. तिसऱ्या चौकटीत खूण करणाऱ्याची सही. माझ्या पहिल्याच आठवड्यात मला अक्कांसमोर ताडणीला बसवलं. मी हुशारी दाखवायला गेले. त्या वाचायच्या आतच पुढच्या आकड्यावर खूण केली. अक्कांनी कागद उलटा ठेवला.

"मी चोपन्न म्हटलंच नाही. तू खूण कशाची केलीस?"

"दिसत होतं ना अक्का समोर. चोपन्नच आहे."

"आयकं नही ते खूण करानी नही." एवढंच म्हणाल्या आणि पहिल्या आकड्यापासून पुन्हा वाचायला लागल्या. दोनशे दहा आकडे होते. त्या दिवशी मला जेवायची सुट्टी मिळाली नाही.

एवढ्या कडक बाईच्या टेबलाच्या खणात एक आख्खा देश ठेवलेला होता, हे मला सहा महिन्यांनी कळलं.

झालं असं की, त्यांच्या तरुणपणी पुण्याहून मुलांचं एक मासिक निघायचं. त्यात 'मेघवरचा वारस' नावाची कथा क्रमशः येत असे. मेघवर नावाचं डोंगरी राज्य, त्याचा परागंदा झालेला वारस, गड, घोडे, दगाबाज सेनापती, सगळं साग्रसंगीत. एके महिन्यात वारस नदीच्या उताराशी, पलीकडे जायच्या जागी, येऊन थांबतो. पैलतीरी कुणीतरी उभं असतं. 'ते कोण होतं? वाचा पुढील अंकी!' आणि पुढचा अंक आलाच नाही. मासिक बंद पडलं. लाखभर पोरं चार दिवस हळहळली असतील आणि विसरली असतील. अक्का विसरल्या नाहीत.

सुरुवात म्हणे एका चुकीपासून झाली. तिसऱ्या प्रकरणात वारस एका दिवसात गडावर पोचतो आणि सातव्यात त्याच वाटेला तीन दिवस लागतात. दुसरा कुणी म्हणाला असता, लेखकाची नजरचूक. अक्का म्हणाल्या, "चूक नसणार. मधे घाट असेल आणि सातव्यात पावसाळा असेल." म्हणून त्यांनी घाट काढला. घाट काढल्यावर त्याचं पाणी कुठे उतरतं ते दाखवावं लागलं. नदी आली की उतार आला, उतार आला की नावाडी आले, नावाडी आले की त्यांची वस्ती, त्यांचा देव, त्यांच्या जत्रेचा दिवस. असं करत करत पुढे एकूण अकरा वह्या झाल्या. एका पानावर मजकूर, समोरच्या पानावर चित्र नाहीतर नकाशा. मेघवरात धान्य कोणत्या मापानं मोजतात, लुगड्याचा काठ कोणत्या खोऱ्यात किती रुंद, खिंड राखणाऱ्यांना रजा कधी मिळते, काहीही विचारा, उत्तर हजर. मी पहिली वही डब्याच्या सुट्टीत उघडली आणि साहेबांनी बोलावलं ते मला ऐकूसुद्धा आलं नाही.

वाचणारे आम्ही दोघंच. एक मी, आणि दुसरे यावलचे महाजन सर. ते शाळेत भूगोल शिकवायचे. कधीकाळी बदलीवर धुळ्याला असताना त्यांची अक्कांशी ओळख झाली होती. त्यांच्याकडे वही जायची ती यावल गाडीच्या कंडक्टरच्या हाती, आणि परत यायची तेव्हा आत चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. 'मेघवरला समुद्र नाही. मग मीठ कुठून येतं?' या एका चिठ्ठीपायी अक्कांनी दोन महिने खर्चून मिठाच्या बैलतांड्यांचा मार्ग आखला. केळीवरून तर केवढा वाद! चौफेर केळीच्या बागांत राहणारा माणूस तो. त्यांचं म्हणणं, नदीकाठ आहे, काळी जमीन आहे, मग केळी पाहिजेच. अक्का म्हणायच्या, मूळ कथेत केळीचा उल्लेख नाही. सर हट्टाला पेटले, चार महिने पत्रं. शेवटी अक्कांनी एका देवळामागे, सांडपाण्याच्या वाटेवर, एकच केळ लावली. सरांनी त्या पानावर आनंदानं हळदीकुंकू वाहिलं होतं, पानावर डाग अजून असेल.

मूळ कथेत उल्लेख नाही, हे त्यांचं पालुपद. त्या स्वतः वाटेल तेवढं रचत, पण मुळाच्या विरुद्ध काही नाही. लेखकाचा उल्लेखही त्या 'मूळ' असाच करत. "मूळ काय म्हणतात ते बघ आधी." त्या लेखकाचं नाव मी इथे लिहीत नाही. मुद्दामच लिहीत नाही. पैलतीरी कोण उभं होतं ते अक्कांनी अकरा वह्यांत कुठेही लिहिलं नव्हतं. चित्रात ती आकृती पाठमोरीसुद्धा नाही, नुसती रिकामी जागा. मी चिडून म्हणायची, "अक्का, तुम्हीच ठरवून टाका ना एकदा!" तर म्हणत, "ते मूळ सांगतील. मी ट्रेसर बाई."

आणि प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात त्यांनी सवयीनं तीन चौकटी आखल्या होत्या. 'मूळ'मध्ये त्या लेखकाचं नाव. 'अनुरेखन'मध्ये इं. आणि तिसरी चौकट मी आल्यावर भरायला लागली. अक्का वाचत, मी खुणा करी, आणि खाली झोकात सही ठोकी: तपासले, ज्योती. मला त्याचं केवढं कौतुक होतं! अकराच्या अकरा वह्या मी तपासून सह्या केल्या.

मग त्या धरणाचं काम आलं. साक्रीच्या बाजूला एक मध्यम प्रकल्प मंजूर झाला होता आणि बुडीत क्षेत्राचा नकाशा आमच्या शाखेत उतरवायचा होता. गावांची यादी माझ्याकडे होती. वाचता वाचता मी खुदकन हसले आणि ओरडले, "अक्का, हे पाहा! बोरथळ! आपल्या मेघवरातलं गाव इथे कसं आलं?" बोरथळ म्हणजे मेघवरच्या नकाशात पैलतीरावरचा एक बारका ठिपका होता, एवढंच मला ठाऊक.

अक्कांनी पेनाचं टोक फडक्यानं पुसलं. "मनं गाव शे ते," म्हणाल्या.

त्यांचं स्वतःचं, खरं गाव. साहेबांना सांगून ते कापड दुसऱ्याकडे देऊ या, असं मी म्हटलं. त्या नको म्हणाल्या. दुसऱ्या कुणी केलं तर ओढ्याचं वळण चुकवेल, म्हणाल्या. आणि बसल्या. पाणी कुठवर येणार त्याची निळी रेघ सगळ्यांत शेवटी मारायची असते. मी पलीकडच्या टेबलावरून पाहत होते. रेघ गावाच्या वरून गेली. संध्याकाळी साहेबांनी कापड उजेडात धरलं तर मधोमध वाटाण्याएवढे दोन पांढरे डाग. "हे काय इंदूबाई?" साहेबांनी विचारलं. "घाम असेल," अक्का म्हणाल्या. दिवस जानेवारीचे होते. साहेब भले, पुढे काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी अक्कांनी नवं कापड घेऊन तो नकाशा पुन्हा पहिल्यापासून उतरवला, तीच रेघ दुसऱ्यांदा मारली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यांनी महिनाभर रजा घेतली. गाव उठायचं होतं, माणसं पुनर्वसनाच्या प्लॉटांवर निघाली होती. अक्का रोज सकाळी बोरथळच्या गल्ल्यांतून पावलं मोजत हिंडत होत्या. लोकांना वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. त्यांचे थोरले भाऊ तिथे होते, तेसुद्धा म्हणाले, "इंदू, मोजीसन काय करशीन? सरकारनी मोजेल शे ना बठ्ठं." पण त्या मोजत राहिल्या. दार ते ओटा, ओटा ते उकिरडा, विहीर ते पार चौऱ्याऐंशी पावलं. पाणी चढलं तेव्हा बघायला मात्र गेल्या नाहीत. कचेरीत होत्या, शाई धरावी म्हणून खडूची पूड कापडावर चोळत होत्या, मी समोरच बसले होते.

नववी वही ती त्या वर्षीची. मेघवरचं बोरथळ. आधी जो ठिपका होता तिथे आता त्रेसष्ट घरं आली. कुठल्या घराला दोन दारं, कुणाच्या ओट्यावर दुपारी बायका शेवया वळायला बसतात, कोणती म्हैस कोणाच्या हातानंच पाणी पिते. माणसांना मेघवरची नावं दिली होती, पण मला आता ठाऊक होतं. पारावर एक म्हातारा दोरी वळत बसलेला होता, ते त्यांचे वडील. महाजन सरांनी ती वही तीन महिने ठेवून घेतली. परत आली तेव्हा आत एकही चिठ्ठी नव्हती.

आता माझं पाप. एका दिवाळी अंकात मला त्या लेखकाचं नाव दिसलं. पत्ता मिळवला. आणि अक्कांना न विचारता मी चार पानी पत्र टाकलं. 'तुम्ही विसरला असाल, पण तुमचं मेघवर आमच्या धुळ्यात जिवंत आहे' वगैरे वगैरे. माझ्या डोळ्यांसमोर काय होतं सांगू? ते येतील, वह्या पाहतील, अक्कांच्या पाठीवर थाप मारतील, कुठेतरी छापून येईल. अक्कांचं नाव छापून आलेलं मला बघायचं होतं. कुणाचं भलं करायला निघाले की मला भानच राहत नाही.

ते आले. स्वतः, पुण्याहून एसटीनं, पांढऱ्या दाढीचे, गोड बोलणारे. अक्कांनी देवपुरातल्या त्यांच्या दोन खोल्या सारवल्यासारख्या स्वच्छ केल्या होत्या. कळण्याची भाकरी, भरीत, वर कच्चं तेल. ते जेवले आणि वह्या घेऊन बसले. तीन तास पानं उलटत होते. मधे एकदा त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, हे मी खोटं का सांगू? ते रडले. "बाई, हे मी विसरून गेलो होतो हो. मी एवढं काही केलंच नव्हतं," असंही म्हणाले.

अक्का भिंतीशी उभ्या होत्या. अठरा वर्षं पोटात धरलेला प्रश्न त्यांनी तेव्हा विचारला. "पैलतीरी कोण उभं होतं?"

"कुठल्या?"

"उताराशी. शेवटच्या अंकात."

ते मोकळेपणानं हसले. "काय माहीत! अंक संपवायचा होता, वाचक टिकवायचा होता. पुढच्या महिन्यात ठरवू म्हटलं, तेवढ्यात मासिकच बुडालं."

अक्का आत गेल्या. आतून भांडी घासल्याचा आवाज यायला लागला, घासायला भांडी नव्हती तरी. थोड्या वेळानं बाहेर आल्या तेव्हा पदराला हात पुसत होत्या आणि त्यांनी अकरा वह्या एका धोतरात बांधायला घेतल्या. लेखक म्हणत होते, महिनाभर वाचायला द्या, नवीन आवृत्तीचं मनात आहे, परत पाठवतो. मी अक्कांना स्वयंपाकघरात ओढलं. "अक्का, नक्कल काढून देऊ. मूळ प्रत कशाला देता?"

"मूळ त्यांचं आहे, ज्योती. आपल्याकडे होती ती नक्कलच." आणि बाहेर जाऊन गाठोडं त्यांच्या हातात दिलं. "बठ्ठं लई जा," म्हणाल्या, सगळंच घेऊन जा. त्या माणसाला अहिराणी कळली नाही, पण गाठोडं कळलं.

महिना गेला, वर्ष गेलं. मी तीन पत्रं टाकली, उत्तर नाही. नव्वदच्या पुढेमागे पुस्तकच आलं, तीन भागांत, चकचकीत वेष्टनाचं. आतल्या पानावर अक्कांचा नकाशा, कुणा चित्रकारानं जरा जाड रेघांनी काढलेला. घाट होता, मिठाचा मार्ग होता, देवळामागची केळसुद्धा होती. इंदू हे नाव कुठेही नव्हतं. दुसऱ्या भागात सेनापती चाल करून येतो आणि एक गाव जाळतो. कुठलं जाळायचं? ज्या गावाचा उंबरठा न् उंबरठा वाचकाला ठाऊक झालाय तेच, नाहीतर वाचक रडणार कसा? त्रेसष्ट घरं बावीस पानांत जळतात. दोरी वळणारा म्हातारा पारावरच जळतो. बाप होता तो अक्कांचा!

मी प्रकाशकाला असं पत्र लिहिलं की तसं मी कुणाला लिहिलं नाही. चोरी म्हटलं, दरोडा म्हटलं, कोर्टात खेचते म्हटलं. महिन्याभरानं पाकीट आलं. पत्र चार ओळींचं, अगदी सभ्य. सोबत एका पानाची झेरॉक्स, नवव्या वहीतलं, आणि खालच्या कोपऱ्याभोवती लाल पेन्सिलीचं वर्तुळ. मूळ: लेखकाचं नाव, अक्कांच्या मोत्यासारख्या अक्षरात. अनुरेखन: इं. तपासले: ज्योती. 'सदर मजकूर मुळात कोणाचा हे आपल्याच माणसांनी लिहून व तपासून ठेवलेले आहे,' असं त्यांनी लिहिलं होतं.  तपासून ठेवलं होतं, खरंच होतं. पानापानावर माझी सही होती.

ते पाकीट मी अक्कांना दाखवलं नाही. पुस्तक मात्र त्यांनी वाचनालयातून आणून वाचलं. महाजन सर यावलहून तातडीनं आले. म्हातारा माणूस, गाडीत उभ्यानं आलेला. "आपण आपल्याकडे जाळायचं नाही, बाई," ते म्हणाले. "ते त्यांचं पुस्तक. आपलं बोरथळ आहे तिथेच आहे."

अक्कांच्या घरात भिंतीवर मेघवरचा मोठा नकाशा तेवढा उरला होता. त्यांनी आमच्यासमोर तो खाली उतरवला, पेनात शाई भरली आणि बोरथळच्या नावाखाली कंसात बारीक अक्षरात लिहिलं, बेचिराख. आमच्या दप्तरात उजाड गावाला हाच शब्द. गाव उठलं तरी नाव पुसत नाहीत, फक्त खाली हा शेरा येतो. "मुळात जळालं," अक्का म्हणाल्या. "मग दाखवावं लागतं." सर तोंड फिरवून बसले. मला त्यांचा असा संताप आला, अक्कांचा हं, त्या लेखकाचाही नाही, की मी चपला घालून निघूनच गेले. कोपऱ्यापर्यंत गेले आणि रडत परत आले. तेव्हा त्या एकदाच बोलल्या, तेही पेन पुसता पुसता, "तू माले इचारं नही, पोरी." त्याला आता किती वर्षं झाली. अजून ऐकू येतं.

पुढे माझी बदली जळगावला झाली. अक्का निवृत्त झाल्या. पत्र त्या लिहीत नसत, मी लिहिलं तर कार्डावर चार ओळी, त्यात पावसाचं मान आणि कुठला रस्ता किती पावलं वाढला ते. मेघवरबद्दल एक अक्षर नाही. महाजन सर गेले तेव्हा मी कळवलं. उत्तर आलं, 'देवळामागची केळ त्यांची.' बस्स.

मग दोन-तीन वर्षांनी एक कार्ड आलं. 'ताडणीला ये.'

मी दुसऱ्याच दिवशी धुळ्याची गाडी धरली. अक्का अगदी वाळून गेल्या होत्या. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, पण चष्म्याला तोच काळा दोरा. टेबलावर ट्रेसिंगचं कापड अंथरलेलं. मी वाकून पाहिलं. मेघवर नव्हतं. गड नाही, घाट नाही. ओढ्याचं वळण, त्रेसष्ट घरं, दारांवर खरी नावं, त्यांच्या भावाचं, वडिलांचं, शेवया वळणाऱ्या बायकांचं. वर ठळक: मौजे बोरथळ. रेघा पूर्वीसारख्या राहिल्या नव्हत्या, कापऱ्या होत्या, काही ठिकाणी दोनदा मारलेल्या. निळी रेघ कुठेही नव्हती. नदीकाठी, उताराच्या जागी, एक लहानशी बाई काढली होती, परकर-पोलक्यातली पोरच म्हणा, हात कपाळाशी धरून पलीकडे बघणारी.

मी खालचा कोपरा पाहिला. अनुरेखनाच्या चौकटीत आडवी रेघ. तपासलेची चौकट रिकामी. आणि 'मूळ'मध्ये, चाचपडत लिहिल्यासारखं, अक्कांचं स्वतःचं नाव, अख्खं, वडिलांच्या नावासकट.

 मग उगीच कामाचं बोलले. "अक्का, तपासू कशावरून? मूळ नकाशा नाही. गाव तर पाण्याखाली."

"मी चालून दाखवते," त्या म्हणाल्या. "तू खुणा कर."

त्यांनी यादी माझ्या हातात दिली आणि चपला न घालता बाहेर पडल्या. दुपारचे चार वाजले होते, कॉलनीच्या गल्लीत शेजारच्या बायका दारात गहू निवडत होत्या, त्यांनी माना वर केल्या. अक्का घराच्या पायरीशी उभ्या राहिल्या. ही विहीर, म्हणाल्या. डोळे मिटले आणि चालायला लागल्या, मोठ्यानं मोजत. वीस. एकवीस. कुणाची सायकल आडवी होती, ती मी धावत जाऊन उचलली. मधेच त्या डावीकडे वळल्या, तिथे वळण नव्हतं, मोकळा प्लॉट होता. बावन्न. त्रेपन्न. पावलं आता आखूड पडत होती, ते त्यांनाही कळत असणार, कारण मधूनमधून त्या एखादं लांब टाकत होत्या. मी यादी छातीशी धरून परत पायरीवर येऊन उभी राहिले होते. एकाहत्तर ऐकू आलं. त्र्याहत्तर बहुतेक. पुढे प्लॉटच्या टोकाला बाभळी आहेत, तिथवर त्या पोचल्या आणि आवाज येईनासा झाला. पाठमोऱ्या दिसत होत्या. मग थांबल्या आणि हळूच खाली बसल्या, पारावर बसावं तशा.

चौऱ्याऐंशी मला ऐकू आलं नाही. मी खूण केली, आणि खाली सही केली.